जामिनाचं कलम

धुकं इतकं दाट होतं की सकाळचे आठ वाजले तरी दवाखान्याच्या फाटकावरचा दिवा जळतच होता. प्लास्टरच्या खोलीत बादलीतलं पाणी बोटांना झोंबत होतं. तिने हीटर टाकला आणि जरा वेळाने तो काढून कोपर बुडवून पाहिलं. पाणी फार तापलं तर प्लास्टर हातातच दगड होतं. गार राहिलं तर सुकायला वेळ लावतं, आणि तोवर पेशंट पाय हलवून मोकळा होतो. मग तिने पट्ट्या रुंदीप्रमाणे मांडल्या, करवतीचं पातं पुसलं. नऊ वर्षं मदतनीस म्हणून हेच. तळहाताच्या रेषांत बसलेली पांढरी भुकटी आता साबणालाही दाद देत नव्हती. सगळे तिला प्लास्टरबाईच म्हणत.

प्लास्टर बांधणारे मामा गेल्या महिन्यात निवृत्त झाले आणि त्यांच्या जागी शिकलेलं माणूस मिळेना. तेव्हा हाडांच्या डॉक्टरीणबाईंनी हिचं नाव पुढे केलं. दवाखान्याने फी भरून हिला दोन वर्षं शिकवायचं, आणि हिने नंतर चार वर्षं इथेच नोकरी करायची. करारनामा आठ पानी. जेवणाच्या सुट्टीत ओळीखाली बोट ठेवून तिने तो सगळा वाचला आणि सातव्या पानावर अडकली. जामीन हवा होता. पगारदार, रक्ताच्या नात्यातला.

असा एकच होता, थोरला भाऊ. आई गेल्यापासून सहा वर्षं येणंजाणं बंद. भांडण म्हणावं असं काही झालंच नव्हतं. झालं असतं तर मिटवता तरी आलं असतं. आठवडाभरात तिने तीनदा फोन लावला. तिन्ही वेळा वहिनी म्हणाली, आंघोळीला गेलेत. तिसऱ्यांदा मागून त्याचा खोकला ऐकू आला. एवढा स्वच्छ माणूस त्यांच्या घराण्यात आजवर झाला नव्हता.

कागद आज दुपारपर्यंत गेले नाहीत तर जागा दुसऱ्या कुणाला तरी जाणार होती. अकरा वाजता ती अधीक्षकांसमोर एकटीच जाऊन उभी राहिली.

त्यांनी दाराकडे पाहिलं. "सोबत कोण आहे?"

हात मोडून आलेल्या प्रत्येकाला ती रोज हेच विचारायची. कुणी नसलं तर त्याचा दुसरा हात स्वतः धरायची.

कुणी नाही, ती म्हणाली. जामिनाचं कलम काढा, त्याबदल्यात मी एक वर्ष जास्त काम करते. साहेब म्हणाले, नियम आहे; याआधी तिघांना शिकवलं आणि तिघंही मोठ्या शहरात पळाले. तिने विचारलं, त्यांना जामीन नव्हते का? होते, साहेब म्हणाले आणि चष्मा पुसू लागले.

"साहेब, पळायलासुद्धा तिकडून कुणीतरी बोलावणारं लागतं," ती म्हणाली. "मला कोण बोलावतंय?"

रात्रभर घोकून आणलेलं वाक्य होतं. तोंडातून बाहेर पडलं तेव्हा तिला स्वतःलाच ते अनोळखी वाटलं.

साहेब दोन वर्षांवर आले. ती दीडवर अडून बसली, वर शिकत असेपर्यंत दवाखान्यामागची राहायची खोली आपल्याकडेच राहावी म्हणाली.

"बाई, भाजी घ्यायला आलात काय?"

"भाजी संध्याकाळपर्यंत सुकते साहेब. मी साडेपाच वर्षं टिकणार आहे."

साहेबांना हसू आलं. त्यांनी कलमावर रेघ मारली आणि समासात बारीक अक्षरात लिहिलं: निकटचे नातेवाईक नाहीत, सबब जामीन माफ. मग कागद तिच्याकडे फिरवला. "याखाली सही."

तिने पेन घेतलं. टेकवलं नाही.

"भाऊ आहे," ती म्हणाली.

"आहे? मग त्याची सही आणा. मी खोडतो हे."

बाहेर कुणीतरी स्ट्रेचर ढकलत नेत होतं. त्याचं एक चाक कुरकुरत होतं. ती ते लांब जाईपर्यंत ऐकत राहिली. मग समासातल्या त्या ओळीखाली तिने आपलं पूर्ण नाव लिहिलं, आईवडिलांनी ठेवलेलं. साहेबांनी शिक्का मारला आणि जरा हळू आवाजात चहा घेणार का विचारलं. नको, प्लास्टरची खोली उघडी आहे, ती म्हणाली.

खोलीत कुणीच नव्हतं. सकाळी उडालेले शिंतोडे फरशीवर वाळून घट्ट झाले होते. ती उकिडवी बसली आणि पत्र्याच्या तुकड्याने एकेक खरवडू लागली.