घड्याळवाल्याचा नंबर

ऑपरेटरबाईंना माणसांचा तिटकारा नव्हता, पण माणसं फोनवर जशी वागतात त्याचा मात्र भारी होता. एकतीस वर्षं शहराच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये कानाला हेडफोन लावून काढलेली बाई. घरात बसलेला साहेब ‘दौऱ्यावर गेलाय’ म्हणून सांगणाऱ्या बायका त्यांनी ऐकल्या होत्या, आणि समोरासमोर मान वर न करणारे गडी फोनवर कसे वाघ होतात तेही. कुणी लोणी लावल्यासारखं बोलायला लागलं की त्यांच्या नाकपुड्या आपोआप फुगत. निवृत्त होऊन नऊ वर्षं झाली होती, नवरा जाऊन सहा. तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्यांत त्या एकट्या राहत आणि समोरच्या दारात त्यांचा धाकटा दीर, निवृत्त हेडमास्तर, तोही एकटाच. इमारतीत सगळे त्यांना ऑपरेटरबाईच म्हणत, आणि त्यातली थट्टा त्यांना कळत नाही असं समजत.

एका गोष्टीवर मात्र बाईंचा विश्वास होता. शहराचा कोड आणि त्यापुढचे तीन आकडे. त्या तीन आकड्यांवरून फोन बाजारपेठेतला, कारखान्यांच्या बाजूचा की पुलापलीकडच्या नव्या वस्तीतला, हे त्या झोपेतसुद्धा सांगू शकत. माणूस तोंडाने काय वाटेल ते बोलतो, पण नंबर कधी थापा मारत नाही, असं त्या म्हणत. भलत्या कोडचे, परगावचे फोन त्या उचलतच नसत. वाजू देत, वाजून वाजून थकतील, हा त्यांचा हिशेब.

मंगळवारी सकाळी अकरा वाजता फोन आला तो शहराच्या कोडवरून. पुढचे तीन आकडे बाजारपेठेचे. बाईंनी उचलला. वीज कार्यालयातून बोलतोय, असं एका तरुणाने सांगितलं. मागच्या महिन्याच्या बिलाची नोंद झालेली नाही, आज संध्याकाळी वीज तोडणार आहेत, तेव्हा ग्राहक क्रमांक सांगा म्हणजे इथल्या इथे दुरुस्त करून देतो.

पुढे काय झालं ते बाईंनी कुणालाही सांगितलं नाही, कारण ते आठवलं की त्यांना स्वतःच्याच दोन थोबाडीत द्याव्याशा वाटत. त्या उठल्या. कपाटातून बिल काढलं. चष्मा लावला. सगळेच्या सगळे आकडे एकेक करून वाचून दाखवले आणि वर विचारलं, “नीट लिहून घेतलंत ना?”

“आता तुमच्या मोबाईलवर सहा आकडे येतील, तेवढे सांगा,” तो म्हणाला.

तेव्हा कुठे बाईंचे कान जागे झाले. त्याच्या मागे दहा-बारा जणांचा गलबला चालला होता, आणि त्यात एक बाई ‘आज संध्याकाळी वीज तोडणार आहेत’ हेच वाक्य, त्याच चालीत, दुसऱ्या कुणाला ऐकवत होती. माणसांनी भरलेल्या, फोनवर बोलणाऱ्या हॉलचा तो आवाज बाई मेल्यावरही ओळखतील. शहराच्या वीज कार्यालयात तीन टेबलं होती आणि त्यातल्या दोघांना फोन उचलण्याची ॲलर्जी होती. ते आपणहून फोन करून मदत करताहेत? बाईंनी फोन ठेवला. पाठोपाठ सहा आकडे आले, ते त्यांनी पुसून टाकले.

मग त्यांनी खात्री करून घेतली. बिलावर कार्यालयाचा नंबर छापलेला होता, तो स्वतःच्या बोटाने फिरवला. वीस मिनिटांनी कुणीतरी उचलला आणि जेवायच्या वेळी कशाला फोन करता म्हणून त्यांच्यावरच डाफरला. बाईंना हायसं वाटलं. हे खरं कार्यालय होतं. बिलाचं काय म्हणून विचारलं तर तो म्हणाला, तुमचं सगळं व्यवस्थित आहे, आम्ही कुणालाही फोन करत नाही, आम्हाला तेवढाच धंदा आहे का.

राहता राहिला पडद्यावरचा तो बाजारपेठेचा नंबर. बाईंनी तोही फिरवला. चोराच्या कानात चार शब्द घालायचे, या तयारीने त्या खुर्ची ओढून बसल्या होत्या. पण पलीकडून आवाज आला तो म्हातारा, घाबरलेला.

“बाई, मी कुणालाही फोन केलेला नाही हो. घड्याळं दुरुस्त करतो मी. कालपासून लोक आईबहिणीवरून शिव्या देताहेत. तुम्हीही द्या हवं तर, पण लवकर द्या, हातातलं काम खोळंबलंय.”

बाईंनी शिव्या दिल्या नाहीत. दुकान किती वर्षांचं, फोन कधी घेतला, हे विचारलं. सव्वीस वर्षांपूर्वी, तो म्हणाला, आणि जोडणी देणाऱ्या लाईनमनचं वर्णनही केलं. तो लाईनमन बाईंच्या माहितीतला होता. म्हातारा खरं बोलत होता आणि नंबर खोटं बोलत होता. हे पचवायला बाईंना दुपार लागली. जुन्या कचेरीतल्या एका इंजिनिअरला त्यांनी फोन लावला. तो म्हणाला, हल्ली मशीनवरून हवा तो नंबर समोरच्याला दाखवता येतो. लोक गावचा कोड बघून उचलतात, म्हणून गावातलाच कुठलातरी नंबर वापरतात. मूळ मालकाला पत्ताही नसतो.

“म्हणजे घड्याळवाल्याच्या नावाची पाटी गळ्यात घालून चोऱ्या करताहेत,” बाई म्हणाल्या.

“तसंच समजा,” इंजिनिअर म्हणाला.

संध्याकाळी बाई दिराकडे गेल्या. हेडमास्तर खुशीत होते. त्यांनाही फोन आला होता. काय अदबीने बोलला म्हणून सांगू, ते म्हणाले. ‘सर, सर’ केल्याशिवाय एक वाक्य नाही. ‘तत्काळ’ शब्द चुकीचा उच्चारत होता तो मी दुरुस्त केला, तर चक्क आभार मानले. बिल सापडेना म्हणून हेडमास्तरांनी त्याला उद्या चार वाजताची वेळ दिली होती.

बाईंनी दिराकडे अशा नजरेने पाहिलं की ते खुर्चीत सावरून बसले. चाळीस वर्षं पोरांच्या कॉप्या पकडल्या म्हणून मिरवणारा हा माणूस, आणि कुणी दोनदा ‘सर’ म्हटलं की लगेच हरभऱ्याच्या झाडावर. स्वतः बिल वाचून दाखवलं तेवढं वगळून बाईंनी त्यांना सगळं सविस्तर सांगितलं. हेडमास्तरांचा चेहरा उतरला. उद्या फोन उचलणारच नाही, ते म्हणाले.

“उचलायचा, भावजी. पण मी सांगेन तिथे बसून.”

कारण दिराकडे येण्याआधी बाई खाली जाऊन आल्या होत्या, आणि तिथे भलतंच शिजत होतं. इमारतीचा सेक्रेटरी जिन्यात चौघांना जमवून बोलत होता. हा सेक्रेटरी म्हणजे टाकीत पाणी का नाही हे सोडून जगातल्या सगळ्या प्रश्नांची उत्तरं माहीत असलेला माणूस. त्याने त्या नंबरचा मालक शोधून काढला होता: बाजारपेठेतला घड्याळवाला. उद्या जाऊन त्याला धडा शिकवायचा, असं ठरत होतं. बाईंनी जिन्यातच थांबून त्यांना समजावलं की दिसतो तो नंबर फोन करणाऱ्याचा असेलच असं नाही. सेक्रेटरी हसला. म्हणाला, तुमच्या काळी वायरी खुपसून फोन जोडायचे, बाई, आता जमाना बदललाय. बाकीचेही हसले. बाई वर निघून गेल्या, पण जाता जाता एक गोष्ट त्यांच्या ध्यानात राहिली. इमारतीत फोन सात-आठ जणांना आला होता आणि सगळे त्यावर चवीने बोलत होते. एवढं पेटलेला होता तो एकटा सेक्रेटरी, आणि तो स्वतः फोनवर काय बोलला हे काही सांगत नव्हता.

बुधवारी साडेतीनला बाई दिराला घेऊन बाजारपेठेत पोचल्या. घड्याळवाल्याचं दुकान म्हणजे दोन इमारतींच्या मधल्या बोळकांडीत बसवलेलं एक टेबल, वर दिवा, भिंतीवर वेगवेगळ्या वेळा दाखवणारी डझनभर घड्याळं आणि पुढे काचेचं कपाट. एका डोळ्याला भिंग लावलेला म्हातारा चिमट्याने काहीतरी उचलत होता. फोन वाजला की तो चिमटा खाली ठेवी. पायाशी दोन चक्रं सांडलेली होती, ती शोधायलाही तो वाकला नव्हता. त्याने सांगितलं की फोन कंपनीकडे तक्रार केली तर म्हणाले, आम्ही काय करणार, थोडे दिवस कळ काढा. बायको म्हणते फोन बंदच करून टाका. पण सव्वीस वर्षं प्रत्येक पावतीवर हाच नंबर छापलाय, दुसऱ्याने केलेल्या पापासाठी मी का पुसू?

पावणेचारला सेक्रेटरी आपली फौज घेऊन आला. आल्या आल्या त्याने कपाटावर हात आपटला, काच तडकली आणि खालचा तुकडा फुटपाथवर पडला. लोक जमले. म्हातारा टेबलामागे उभा राहिला, भिंग डोळ्यालाच लावलेलं.

बाई मध्ये आल्या. आवाज चढवायची त्यांना गरज नव्हती. एकतीस वर्षं त्या आवाजाने लोकांना थांबवून ठेवलं होतं.

“पंधरा मिनिटं थांबा. माझ्या दिराला चार वाजता याच नंबरवरून फोन येणार आहे. तो या दुकानातून आला तर पुढची काच मी फोडते.”

त्यांनी टेबलावरचा फोन उचलला, मागची वायर उपटली आणि नुसता फोन सेक्रेटरीच्या हातात दिला. धरा, म्हणाल्या. म्हाताऱ्याचा मोबाईल खिशातून काढून बंद करून टेबलावर ठेवायला लावला. चोरांनी आज दुसऱ्याच कुणाचा नंबर घेतला असला, किंवा फोन आलाच नाही, तर या म्हाताऱ्याला कोण वाचवणार होतं? भिंतीवरच्या घड्याळांचाही उपयोग नव्हता, प्रत्येकात वेगळे वाजले होते.

चारला काही झालं नाही. चार वाजून पाच मिनिटांनी फौजेतला एकजण खाकरला. सातव्या मिनिटाला हेडमास्तरांचा मोबाईल वाजला. त्यांनी पडदा सगळ्यांसमोर धरला. शहराचा कोड, बाजारपेठेचे तीन आकडे आणि पुढे घड्याळवाल्याचा नंबर, दुकानाच्या पाटीवर रंगवलेला होता तसाच्या तसा.

सेक्रेटरीने हातातल्या निर्जीव फोनकडे पाहिलं. बाईंच्या हातातून लोंबणाऱ्या वायरकडे पाहिलं.

बाईंनी मोबाईलचा आवाज मोठा केला. नमस्कार सर, वीज कार्यालयातून बोलतोय, बिल सापडलं का सर, असं तो तरुण विचारत होता. बाईंनी त्याला विचारलं, कुठल्या फोनवरून बोलतोस बाबा? त्याने तोच नंबर सांगितला.

“तो फोन माझ्यासमोर आहे आणि त्याची वायर माझ्या हातात आहे,” बाई म्हणाल्या. “निदान बोलायचा कागद तरी बदला. कालचीच चाल आहे.”

फोन कट झाला.

गर्दी पांगायला वेळ लागला नाही. काल गळा फाडून बोंबलणाऱ्या एकेकाला अचानक घरची कामं आठवली. बाईंनी मात्र फौजेतल्या तिघांना हटकलं आणि दुकानातला झाडू त्यांच्या हातात दिला. त्यांनी काचा गोळा केल्या. सेक्रेटरी अजून फोन धरूनच उभा होता. बाई त्याच्याजवळ गेल्या आणि हळूच म्हणाल्या, “सहा आकडे सांगितलेत ना तुम्ही?”

त्याने मान डोलावली. सोमवारी सकाळीच.

“आणि तीन दिवस मूग गिळून बसलात. लाज वाटली म्हणून. बँकेला त्याच क्षणी कळवलं असतं तर काही वाचलं असतं. त्याऐवजी इथे येऊन काच फोडलीत.”

बाईंच्या जिभेवर आणखी पुष्कळ होतं. पण कपाटातून बिल काढून, चष्मा लावून आकडे वाचणारी एक बाई त्यांना आठवली आणि जीभ तिथेच थांबली. जा, आत्ता जा, एवढंच त्या म्हणाल्या, आधी बँकेत आणि मग पोलिसांत. तो गेला. त्याचं किती गेलं आणि किती परत मिळालं हे त्याने कधी सांगितलं नाही. नवी काच मात्र त्याने स्वतः उभं राहून बसवून दिली, आणि पुढे बरेच दिवस जिन्यात बाई दिसल्या की त्याला मोबाईलमध्ये काहीतरी अतिमहत्त्वाचं सापडे.

घड्याळवाल्याचे फोन आठवड्याभरात थांबले. तो बाईंना धन्यवाद द्यायला आला तेव्हा फार आनंदात होता. बाईंनी त्याला चहा दिला आणि स्पष्ट सांगितलं, ते सुधारले वगैरे नाहीत, त्यांनी दुसऱ्याची पाटी गळ्यात घातली असेल.

तसंच झालं. दोन दिवसांनी बाईंचा मोबाईल वाजला. शहराचाच कोड, पण पुढचे आकडे नदीकाठच्या भागाचे. या वेळी गॅस कार्यालय होतं. बाईंनी पूर्ण ऐकूनही घेतलं नाही. फोन ठेवला, कागदावर नंबर उतरवला आणि तोच स्वतः फिरवला.

एका रोपवाटिकेच्या मालकिणीने तो उचलला आणि ‘हॅलो’ न म्हणताच तोंडाचा पट्टा सोडला. मी नाही केला फोन, मेल्यांनो, सकाळपासून जीव नकोसा केलाय, पोलिसांत देईन एकेकाला, तुमची बोटं झडोत. बाईंनी तिला मध्येच तोडलं नाही. रिसिव्हर कानापासून जरा लांब धरावा तसा मोबाईल लांब धरला आणि ती दमेपर्यंत थांबल्या.

“झालं?” मग त्या म्हणाल्या. “आता कागद-पेन्सिल घ्या आणि मी सांगते ते लिहा. तुमची चूक काही नाही. पण उद्या दारात काही शहाणे येतील, त्यांच्यासाठी तयारी करावी लागेल.”