शेळीने खाल्लेली सोळा पानं

आमच्या गावच्या शाळेने स्मरणिका काढायचं ठरवलं आणि मुख्याध्यापकांनी मला फोन केला. लहानपणी वाचलेल्या आवडत्या पुस्तकांबद्दल लिहा, म्हणाले. जुन्या विद्यार्थ्यांमध्ये वर्तमानपत्रात नोकरी केलेली मी एकटीच. "गोड आठवणी येऊ द्या, मॅडम. पोरांना प्रेरणा मिळंल."

माझ्याकडे एका पुस्तकाची आठवण आहे. ती गोड नाही.

गाव नांदूरघाटच्या बाजूला, डोंगराच्या पायथ्याशी. घरी शेळ्या आणि थोडी मेंढरं होती. सहावीत असताना शाळेच्या पत्र्याच्या पेटीतून मला एक पुस्तक मिळालं. तोपर्यंत माझं वाचन किराणा दुकानातून यायचं. साखर किंवा डाळ ज्या कागदात बांधलेली असे, तो मी मांडीवर सरळ करून वाचायची. अख्खं पुस्तक हातात येण्याची ती पहिली वेळ.

गोष्ट समुद्रावरची होती. दीपगृह सांभाळणारा माणूस आजारी पडतो, दिव्याचं तेल संपत आलेलं असतं, आणि त्याची मुलगी एकटी होडी घेऊन किनाऱ्याकडे निघते. समुद्र मी पाहिलेला नव्हता. मांजरा नदीला पूर आलेला पाहिला होता, तेवढ्यावर भागवलं. दुपारी माळावर शेळ्यांमागे वाचायचं आणि संध्याकाळी आई भाकरी थापत असताना तेच तिला वाचून दाखवायचं. आईला वाचता येत नव्हतं. ती मध्येच थांबवायची. "येकटीच हाय का होडीत? बापानं सोडलं कसं म्हणते मी."

ऐंशीव्या पानावर लाट होडीवर आली. समोरच्या पानावर आकडा सत्त्याण्णव. मुलगी किनाऱ्यावर पोचलेली, उजव्या हाताला फडकं बांधलेलं, भोवती माणसं.

"हाताला काय झालं?" आईने विचारलं.

"पानं न्हाईत मधली."

"नीट बघ."

नीट बघितलं. नव्हती.

पुस्तक परत करताना मी आपणहून गुरुजींना सांगितलं की मधली सोळा पानं नाहीत. न सांगते तर कुणाला कळलं नसतं. त्यांनी विचारलं, घरी जनावरं कोणती? शेळ्या, मी म्हटलं. "मग खाल्ली शेळीनं," ते म्हणाले. वर्ग हसला. दुसऱ्या दिवशी आईला बोलावणं गेलं.

आई काठी दाराबाहेर टेकवून आत आली आणि उभीच राहिली. गुरुजींनी बस म्हटलं नाही.

"गुर्जी, आमची शेळी कागद खाती, खोटं कशाला बोलू. पण मोजून सोळा पानं खायची आन् पुस्तक मिटून ठिवायचं, इतकी शिकल्याली न्हाई ती."

"तुला काय कळतंय पुस्तकातलं?"

"पोरीच्या हाताला फडकं बांधल्यालं कळतंय," आई म्हणाली. "कावून बांधलं ते तुमी सांगा."

का बांधलं, ते गुरुजींना सांगता येणं शक्य नव्हतं. त्यांनी ते पुस्तक वाचलेलं नव्हतं. त्यांनी नोंदवही काढली आणि लिहायला घेतलं. त्या दिवसापासून ज्याच्या घरी शेळ्या-मेंढ्या, त्याला पुस्तक नाही, असा शाळेचा नियम झाला. पेटी खिडकीखाली होती. गुरुजी तिच्यावर जेवणाचा डबा ठेवायचे. सातवी संपेपर्यंत मला दुसरं पुस्तक मिळालं नाही. एक नाव मात्र मिळालं. "काय गं शेळे, आज भूगोल खाल्लास का?"

नोकरीच्या पहिल्या वर्षी पुरवणीच्या कामासाठी मला एका छापखान्यात पाठवलं. शेजारच्या खोलीत पुस्तकांची बांधणी चालायची. बांधणारा माणूस घडी घातलेले कागद ओळीने उचलून एकावर एक ठेवत होता. एका मोठ्या कागदावर सोळा पानं छापतात, त्याची घडी म्हणजे एक फॉर्म, असं त्याने सांगितलं.

"एखादा उचलायचा राहिला तर?"

"तर सोळा पानं गेली. होतं कधी कधी. एक ते सोळा, सतरा ते बत्तीस, असा एकेक गठ्ठा असतो ना."

मी मनात पुढे मोजत गेले. सहावा फॉर्म एक्याऐंशीला सुरू होतो आणि शहाण्णवला संपतो.

म्हणजे पुस्तक शाळेत आलं तेव्हाच त्यात ती पानं नव्हती. शिवणीचा दोरा शाबूत होता, फाटलेल्या पानाची कड कुठे नव्हती. हे दिसायला छापखान्याची माहिती लागत नाही. पुस्तक उघडावं लागतं. ते न उघडता एका शेळीवर, एका बाईवर आणि आमच्यासारख्या सगळ्या घरांवर निकाल दिला गेला होता.

फोन आल्यावर, शेळीवरचा आळ खोडायला येतेय असं आईला कळवून मी गावी गेले. मांजरसुंब्याला गाडी बदलली, दुपारी शाळेत पोचले आणि जुनी नोंदवही मागितली. ती होती. शेऱ्याच्या रकान्यात निळ्या शाईत लिहिलेलं होतं: विद्यार्थिनीच्या घरी शेळीने खाल्ले. निर्लेखित. निर्लेखित म्हणजे दप्तरातून काढून टाकलं. उरलेली पानं कुणी वाचली असती, तीही गेली.

"ही नोंद चुकीची आहे," मी मुख्याध्यापकांना सगळं सांगून म्हटलं. "दुरुस्त करा."

"एवढ्या जुन्या दप्तरात खाडाखोड चालत नाही, मॅडम."

त्यांच्यामागे काचेचं कपाट होतं. आत नवी पुस्तकं, बाहेर कुलूप. मुलांना देता का, मी विचारलं.

"देतो की. फक्त मेंढरावाल्यांच्या घरी देत नाही. खराब करून आणतात."

"हा नियम कुठे लिहिलाय?"

"लिहिलेला कुठंच नाही. पहिल्यापासून तसंच आहे."

नोंद लिहिलेली आहे म्हणून खोडता येत नाही. नियम लिहिलेला नाही, म्हणून तोही खोडता येत नाही.

वर्तमानपत्रात चूक झाली की दुरुस्ती छापतात. तिथेच बसून मी स्मरणिकेसाठी तीन ओळी लिहून दिल्या: पानं छापखान्यात राहिली होती. शेळीने खाल्ली नव्हती. मेंढपाळांच्या मुलांना पुस्तकं द्यावीत.

मुख्याध्यापकांनी त्या दोनदा वाचल्या. "आवडत्या पुस्तकाबद्दल काहीच नाही यात."

"त्याच्याबद्दलच आहे," मी म्हटलं.

त्यांनी कागदाची घडी घालून खिशात ठेवली. ते छापतील असं मला वाटत नाही.

घरी आले तेव्हा आई गोठ्यापाशी शेळ्यांना पाला टाकत होती. तिने मागे वळून पाहिलं नाही.

"शेळीचं नाव खोडलं का?"

"न्हाई."

"मग कावून गेलतीस?"