नगाऱ्यावर निघणारे दात

दाताच्या दवाखान्यात किस्से कापसाच्या बोळ्यांसारखे साठतात. एकेक टाकताना लक्षात येत नाही, संध्याकाळी पाहावं तर बादली भरलेली! बी.ए. झाल्यावर ब्याऐंशी साली मी धंतोलीत एका डेंटिस्टकडे रिसेप्शनवर लागले. माझ्या बादलीतले बहुतेक किस्से एकाच रेकॉर्डचे आहेत.

आधी माझ्याबद्दल सांगून टाकते. मी दचकते. कुकरची शिट्टी, फोनची घंटी, कोणी मागून नुसतं "मॅडम" म्हटलं तरी! दुसरी गोष्ट मात्र तेव्हा कोणालाच सांगितली नव्हती. नोकरीच्या दुसऱ्याच महिन्यात माझी खालची डावी दाढ ठणकायला लागली. डॉक्टरांना कळलं तर ते खुर्चीत बसवणार, आणि त्या खुर्चीत काय होतं ते माझ्याइतकं कोणाला माहीत? म्हणून मी उजवीकडून जेवायची, ओठ मिटून हसायची आणि रुमालाच्या गाठीत लवंगा ठेवायची.

*

रेकॉर्ड डॉक्टरांच्या भावाने लंडनहून पाठवली होती. कुठल्याशा भव्य इंग्रजी सिनेमाचं नुसतं संगीत. गाणं एक नाही, शंभरेक वादक एकदम तुटून पडलेले! कव्हरवर ड्रॅगन, तलवार घेतलेला राजपुत्र आणि मागे पेटलेला किल्ला. तो सिनेमा आमच्यापैकी कोणीच पाहिला नव्हता.

"संगीतानं पेशंट शांत होतो," असं म्हणून डॉक्टरांनी रेकॉर्ड प्लेअर माझ्या टेबलावर आणून ठेवला.

पहिली दोन मिनिटं बासरी. मग घोडे दौडल्यासारखं काहीतरी. मग व्हायोलिनं एकदम हळू, इतकी हळू की सगळे पेशंट कान देऊन पुढे झुकले. आणि मग नगारा! झांजा, तुताऱ्या, सगळं एकदम!

माझ्या हातात गुळण्यांच्या लाल पाण्याचा ग्लास होता. तो समोरच्या गुरुजींच्या पांढऱ्याशुभ्र धोतरावर गेला. गुरुजींनी मांडीकडे पाहिलं, आतल्या खुर्चीकडे पाहिलं आणि उठून उभे राहिले.

"अजून दात काढलाबी नाही, अन् रक्त?"

गुरुजी पुन्हा आले नाहीत.

*

त्याच नगाऱ्याला आत एक अंगापिंडाने आडवा ट्रक ड्रायव्हर खुर्चीत होता. दहा मिनिटं तो पक्कड जवळ येऊ देत नव्हता. नगारा झाला तसा तो आ वासून दचकला. सावरून बसल्यावर डॉक्टरांना म्हणाला, "काढा आता, पण सांगून काढा."

डॉक्टरांनी ट्रे पुढे केला. दाढ ट्रेमध्ये!

त्या दिवसापासून पद्धतच पडली. इंजेक्शन देऊन जबडा बधिर झाला की आतून हाक यायची, "मॅडम, लावा!" मी रेकॉर्डवर सुई ठेवायची. बासरी, घोडे, व्हायोलिन, मग मनातल्या मनात अकरा अंक, की नगारा आणि दात. पेशंट दचकायचा आतल्या खुर्चीत, मी बाहेरच्या. महिन्याभराने पेशंटना सवय लागली असती, पण पेशंट रोज नवे. सवय झाली फक्त डॉक्टरांना.

*

भिवापूरचे एक मिरचीवाले काका नंबर येईपर्यंत कव्हर हातात घेऊन बसले होते.

"हे जनावर कोणतं होय वं पोरी?"

"ड्रॅगन आहे, काका."

काकांनी चष्मा लावून ड्रॅगनचा जबडा या टोकापासून त्या टोकापर्यंत तपासला.

"याचे दात तं सारे साबूत हायेत," ते म्हणाले. "हा इथं आलाच नाही अजून!"

*

एक म्हातारी सुनेला घेऊन हुडकेश्वरहून आली होती. सून आत, म्हातारी माझ्यासमोर. नगारा झाला आणि आतून सुनेची किंकाळी आली. मी नेहमीसारखी दचकले. म्हातारी मात्र मान डोलवत होती.

"वाजवून तं लय चांगले राहिले," ती म्हणाली, "पण गाणारी बेसूर हाय."

मी पावतीपुस्तक पुढे ओढलं. सून बाहेर आली तेव्हा मान वर न करता तिची पावती फाडली.

*

सर्वांत कठीण पेशंट म्हणजे एक तबला मास्तर. पहिला दात त्यांचा सुखरूप निघाला. दुसऱ्यासाठी आले तेव्हा रेकॉर्ड त्यांना पाठ! खुर्चीत बसल्या बसल्या ते मांडीवर ताल धरू लागले. व्हायोलिनं हळू झाली तसा त्यांनी एक बोट वर केलं, आणि समेच्या बरोबर अर्धी मात्रा आधी कडकन तोंड मिटलं. डॉक्टरांचं बोट आत!

"सोडा! मास्तर, सोडा!"

मास्तरांनी नगारा पूर्ण होऊ दिला, मग बोट सोडलं.

"हे आवर्तन जाऊ द्या जी," ते म्हणाले, "पुढच्याले काढा."

*

एकदा ऐन व्हायोलिनच्या वेळी लाइट गेली. रेकॉर्ड म्हशीसारखी हंबरत हंबरत थांबली. आत पेशंट आ करून, डॉक्टर पक्कड धरून, सगळीकडे सामसूम. मला ती शांतताच सहन झाली नाही. हातातला स्टीलचा ट्रे पडला. खण्णकन!

आतून डॉक्टरांचा आवाज आला, "वा मॅडम! टायमिंग परफेक्ट!"

दचकण्याबद्दल मला आयुष्यात मिळालेली ही एकमेव शाबासकी.

*

आणि मग माझी दाढ.

एका सोमवारी सकाळी डावा गाल एवढा सुजला, की ओठ मिटून हसायची सोय उरली नाही. मी पदराने गाल झाकून फोन घेत होते. डॉक्टर समोर येऊन उभे राहिले.

"किती दिवसांपासून?"

"आजच," मी म्हटलं. रुमालाच्या गाठीतून लवंगा टेबलावर सांडल्या.

"बसा खुर्चीत."

मी हात जोडले. "सर, एक विनंती. रेकॉर्ड नको. मला सगळं पाठ आहे हो. अकरा मोजता मोजताच माझा जीव जाईल!"

"बरं बाप्पा, नाही लावत," डॉक्टर म्हणाले.

इंजेक्शन झालं. अर्धं तोंड दुसऱ्याच कोणाचं तरी वाटू लागलं. पक्कड दाढेला लागली. मी डोळे मिटले.

काही झालं नाही.

डोळे उघडले तर डॉक्टर पक्कड धरून नुसते उभे. कपाळावर घाम. त्यांनी दिवा सरकवला, परत आणला. पक्कड धरली, सोडली, पुन्हा धरली. हात काही हलेना.

"मॅडम," ते अगदी हळू म्हणाले, "जरा रेकॉर्ड लावून येता का?"

गळ्यात टॉवेल, एक गाल बधिर, अशी मी बाहेर आले. बाकावरचे सहाजण माझ्याकडे बघत होते. मी रेकॉर्ड हातात घेतली आणि उलटी केली.

दुसरी बाजू दवाखान्यात कधीच वाजली नव्हती. एका सुट्टीच्या दुपारी मी एकटीने ती ऐकली होती. राजपुत्र बहुतेक झोपलेला असतो, किंवा गेलेला. पहिल्यापासून शेवटपर्यंत नुसती बासरी आणि व्हायोलिनं.

सुई ठेवली. आत जाऊन बसले. आ केलं.

पाच मिनिटं झाली. सात झाली. डॉक्टर डोळे मिटून, पक्कड हवेत धरून, कान देऊन उभे.

बाहेरून कोणीतरी ओरडलं, "काहून जी डॉक्टरसाहेब, निघाली का नाही बाईची दाढ?"

"थांबा जी!" डॉक्टर डोळे न उघडता म्हणाले. "नगारा येऊ द्या!"