दारावरचा त्रिकोण

नाना गेल्याचं मला जळगावात, ऑफिसला जाता जाता एका क्लासच्या फाटकावर कळलं. फळ्यावर लिहिलं होतं : गणिताचे भीष्माचार्य गेले. आज सुट्टी, उद्या जादा तास. पुढे धुळ्याला शोकसभा झाली. त्या क्लासचा मालक सुभाष, शाळेत आमच्याच वर्गातला, दारात उभा राहून प्रत्येकाच्या हातात पुस्तिका देत होता. मुखपृष्ठावर हार घातलेले नाना, आत परीक्षेत हमखास येणारी गणितं, उत्तरांसकट. ‘पाठ करा, पास व्हा.’ ती हातात घेतली आणि कधी एकदा हात धुते असं झालं...

आमचं गाव सोनगीरजवळ. घरात माझ्याआधी सातवीच्या पुढे कुणी गेलेलं नव्हतं. दहावीला गणितात राहिले तर शाळा बंद, असं वडिलांनी, म्हणजे आबांनी, बजावून ठेवलेलं. मावशीनं तर स्थळही बघितलं होतं. त्या भीतीपोटी मी सगळी प्रमेयं पाठ केली, आकृतीतल्या एबीसी अक्षरांसकट. गणिताचे सर नाना संध्याकाळी आम्हाला घरी बोलवायचे. खोलीच्या दाराला त्यांनी आतून फळ्याचा काळा रंग दिला होता. मी धडाधड प्रमेय म्हणून दाखवलं. नानांनी शाबासकी दिली नाही. दारावर तोच त्रिकोण टोकावर उभा काढला आणि त्याला नाव दिलं पीक्यूआर. मी घाईघाईनं पुस्तक चाळलं.

“सर, हा पुस्तकात नाही.”

“एबीसी काय तुना मामा शे का?” नाना अहिराणीत म्हणाले. “बठ्ठं पाठ शे तुले. येस काहीच नही.” सगळं पाठ, पण येत काहीच नाही, हे खरंच होतं.

“सर, पेपरमा सरळच येस,” मागून सुभाष हसला. ताटात केस निघाल्यावर बघावं तसं नाना त्याच्याकडे बघत राहिले.

त्या दिवसापासून माझी पद्धतच त्यांनी मोडून काढली. उदाहरण एकदा नीट वाचायचं, पुस्तक मिटायचं आणि कोऱ्या कागदावर करायचं. अडलं तर लगेच पुस्तक उघडायचं नाही. कुठे अडलं ते आधी तोंडानं सांगायचं. खोडायला तर बंदीच. चुकलेलं तसंच राहू द्यायचं, शेजारी नव्यानं करायचं, आणि दोन-चार दिवसांनी तेच गणित पुन्हा, कारण आज आलेलं उद्या येईलच असं नाही. शेवटची परीक्षा चुलीपाशी. नानांच्या पत्नी अक्का भाकरी थापता थापता विचारायच्या, “हाऊ कोन त्याना इतला काबर शे?” हा कोन त्या कोनाएवढाच का, ते त्यांना पटेपर्यंत सांगायचं. अक्कांनी मान हलवली की नाना खडू खाली ठेवायचे.

बोर्डाच्या पेपरला खिडक्यांबाहेर ही झुंबड! मामे, चुलते, थोरले भाऊ. दगडाला गुंडाळलेल्या चिठ्ठ्या आत येत होत्या आणि देखरेखीचे मास्तर पाठ फिरवून उभे होते. घामट हातांतून फिरून ओलसर झालेली, तंबाखूच्या वासाची एक चिठ्ठी माझ्याही बाकावर पडली. मी ती पट्टीनं खाली ढकलली. पेपरातला त्रिकोण टोकावर उभा होता, अक्षरंही निराळी. मी अक्कांना सांगितल्यासारखं लिहीत गेले. सुभाषनं चिठ्ठीतला एबीसी जसाच्या तसा उतरवला. हे त्यानंच नंतर फुशारकीनं सांगितलं. पास तोही झाला, मीही झाले. पेढे घेऊन गेले तेव्हा नानांनी मार्क विचारलेच नाहीत. “आते सांग, सुटलं कसं?” एवढंच म्हणाले आणि खडू पुढे केला. त्या वर्षी आबा स्वतः माझी ट्रंक घेऊन धुळ्याच्या एसटीत बसले...

शोकसभेत सुभाष माइकवर सांगत होता, “नानांनीच आम्हाला शॉर्टकट शिकवला.” टाळ्या पडल्या. मी उठले आणि थेट गावी अक्कांकडे गेले.

दार तसंच होतं, बिजागरी तेवढी ढिली झालेली. त्यावर नानांच्या हातचा त्रिकोण, टोकावर उभा. अक्षरं द्यायची राहून गेली होती. दाराखालच्या फटीत घडी करून काहीतरी खुपसलेलं दिसलं. वाकून बघितलं तर सुभाषची पुस्तिका, वरचं नानांचं पान तेवढं काढून घेतलेली.

“गठ्ठाच दी गया तो,” अक्का म्हणाल्या. “वारामा दार हालस, त्यासनं लिखेल पुसाई जाई. जाड शे, बरी बसनी.”

मी टाचेनं ती आणखी आत सारली. दार हलायचं थांबलं.