चाचा म्हणाले, पुण्याचा कोर्स घे

मित्रांनो, हॉटेल मॅनेजरसाठी कोणता कोर्स चांगला, हे मी इथंच विचारलं होतं. खूप जणांनी मनापासून सांगितलं. आज काय झालं ते ऐका.

मी बीडला स्टँडजवळच्या एका लॉजवर मॅनेजर आहे, खाली खानावळही आहे. मालक करीमचाचा. नोकरी सांभाळून होईल आणि रात्री घरी परतता येईल म्हणून मी औरंगाबादचा शनिवार-रविवारचा कोर्स पक्का केला होता. पुण्याचा वर्षभराचा सोडून दिला.

दुपारी जेवणाची गर्दी ओसरल्यावर चाचांना सांगितलं, "शिकून आले की आधी काउंटर सुधारू, मग खोल्या."

चाचा म्हणाले, "बेटा, पुण्याचा घे."

"कावून? मग इथलं कोण बघंल?"

"इथं बघायला काय ऱ्हाणार न्हाई. इमारत कोचिंग क्लासला दिली. तुला सांगायची हिंमत होईना."

मी गावातल्या दुसऱ्या हॉटेलांचं विचारलं. ते म्हणाले, "तुझ्यासाठी लई फिरलो. गल्ल्यावर समदे घरचाच माणूस बसवतेत."

पुण्याला जाणं मला शक्य नाही. आई अंथरुणाला खिळलेली आहे आणि घरात आम्ही दोघीच. चाचांना हे माहीत आहे. तरी मी "बरं" म्हणाले, कारण त्यांना तेवढंच ऐकायचं होतं.

आता कोर्स सुचवू नका. ज्यांना गाव सोडता येत नाही, ते हे काम शिकून काय करतात, तेवढं कुणाला माहीत असेल तर सांगा.