हनुवटीवरचे कागद

खाटीकमामांच्या हनुवटीवर वर्तमानपत्राचा कपटा चिकटलेला दिसला, तेव्हा फुगीला आधी हसूच फुटलं. दिवसभर सुऱ्यांशी खेळणारा हा दांडगा माणूस, आणि स्वतःच्याच हनुवटीवर रक्त! पण ते हसू लगेच मावळलं. कारण दाढी ताजी होती, आणि ती फुगीने केलेली नव्हती.

मामांच्या गालाला आजवर परक्या हाताचा वस्तरा लागला नव्हता. आधी नाना, म्हणजे फुगीचे वडील, आणि नाना अंथरुणाला खिळल्यापासून फुगी. चौकाच्या कोपऱ्यावरचं ते दोन खुर्च्यांचं दुकान नानांचं. पुढे दुकान, मध्ये पडदा, मागे दोन खोल्या, एवढाच सगळा पसारा. फुगीने हा धंदा शिकायचं मनावर घेतलं तेव्हा नातेवाइकांनी नाकं मुरडली. पुरुषांच्या दाढ्या पोरगी करणार? नानांनी कुणाशी वाद घातला नाही. त्यांनी एक फुगा फुगवला, त्याला साबणाचा फेस फासला आणि लेकीच्या हातात वस्तरा दिला. फेस निघाला पाहिजे आणि फुगा राहिला पाहिजे. तिने इतके फुगे फोडले की सगळी गल्ली तिला फुगी म्हणायला लागली, आणि तेच नाव तिला चिकटलं.

फुग्यांनंतर माणसं आली. फुगीने "झाली" म्हटलं की नाना उठून यायचे आणि गिऱ्हाइकाच्या गालावरून उलटं बोट फिरवायचे. एखादा खुंट बोटाला लागला की लेकीकडे बघून एकच शब्द, "खोटारडे!" गिऱ्हाईक खो खो हसायचं, फुगी तणतणत पुन्हा ब्रश भिजवायची. एरवी नाना मोजकंच बोलत. मान खाली घ्या, असंही त्यांनी कधी कुणाला सांगितलं नाही. डोक्यावर त्यांची दोन बोटं हलकेच टेकली की साहेब असो की हमाल, मान आपोआप खाली जायची.

एका सकाळी नानांच्या हातून ब्रश पडला. तो उचलायला वाकले ते तिथेच बसले, आणि फुगीने वर बघितलं तर तोंड एका बाजूला गेलेलं. हॉस्पिटल, सलाइन, धावपळ, सगळं झालं. नाना वाचले, पण उजवं अंग गेलं आणि वाचा गेली. डॉक्टरांनी आडपडदा ठेवला नाही. उजवा हात परत येईल असं धरून चालू नका म्हणाले, आणि दुसरा झटका कधीही येऊ शकतो. बोलणं येईलही, न येईलही. नानांकडून व्यायाम करून घ्यायला येणाऱ्या बाईंनी तेवढा एक दिलासा दिला. "कधी कधी नीट बोलण्याआधी शिवीच येते हो तोंडातून," असं त्या म्हणाल्या. ते गल्लीभर पसरलं, आणि नानांची ती पहिली शिवी आपल्याच वाट्याला यावी, असं जो तो म्हणायला लागला.

शिवी आली नाही. नानांनी भिंतीकडे तोंड केलं ते केलंच. बाईंनी दाबायला दिलेला रबरी चेंडू त्यांनी डाव्या हाताने दाराबाहेर भिरकावून दिला. आत्या, म्हणजे नानांची धाकटी बहीण, मऊ भाताचा घास घेऊन बसायची आणि तो घास तसाच गार व्हायचा. डॉक्टर म्हणाले, औषधं आम्ही देऊ, पण माणसाने स्वतः थोडी उभारी धरली पाहिजे. नाना उभारी धरत नव्हते. फुगीला आता हात नको होता, वाचा नको होती. त्यांनी एकदा भिंतीकडची मान वळवून आपल्याकडे बघावं, एवढ्यासाठी ती देव पाण्यात घालून बसली होती.

आणि तिला जमेल ते सगळं तिने केलं होतं. दुकान डोळ्यांसमोर आलं की त्यांना यातना होतील, म्हणून मधल्या पडद्याला पिना मारल्या. त्यांचा जुना वस्तरा खणात कुलपात ठेवला. वस्तरा परजायचा चामड्याचा पट्टा खिळ्यावरून काढला, हातआरसासुद्धा उचलला. त्यांच्यासमोर दुकानाचं नावही काढायचं नाही, अशी आत्याला तंबी दिली. एखाद्याला जपायचं म्हणजे आणखी काय करायचं असतं?

आणि अशा दिवसांत खाटीकमामा दुसरीकडे दाढी करून आले होते! फुगीने गिळलं. दोन दिवसांनी समोरचे शिंपीकाका कानाखाली कागद लावून हिंडताना दिसले. मग शाळेतून निवृत्त झालेले हेडसर दिसले, तर त्यांच्या गालावर एक नाही, दोन कागद. मग मात्र तिला राहवलं नाही.

"हेडसर, दाढी कुठे केलीत?"

"घरीच. म्हणजे... आरसा जरा धुरकट होता."

जन्मभर पोरांच्या थापा पकडलेल्या माणसाला स्वतःला एक थाप धड मारता येत नव्हती. ते छत्री टेकत, छत्रीची काही गरज नसताना, घाईघाईने निघून गेले.

फुगी आतून पेटली. बाप पडलाय, आपण एकटीने दुकान रेटतोय, आणि ही घरची म्हणवणारी माणसं केसाने गळा कापतायत! त्याहून जास्त तिला झोंबली ती दाढीची प्रत. गेलीच तर गेली, निदान बऱ्या हाताकडे तरी जायचं! डोळा तयार असल्यामुळे तिला न विचारताही बरंच कळत होतं. वस्तरा उलट्या अंगाने आलेला होता, म्हणजे करणारा डावखुरा. जबड्याच्या वळणावर हात हमखास थांबत होता, म्हणजे कच्चा, शिकाऊ. पलीकडच्या वळणावर काचेच्या दाराचं नवं दुकान झालं होतं. एकदा तिने त्याच्यावरून मुद्दाम रेंगाळत फेरी मारली. तिथला कारागीर उजव्या हाताने लोण्यासारखी दाढी करत होता. तिला त्याचाही राग आला.

दुपारी दुकान बंद असायचं, तेव्हा ती नानांची औषधं आणायला हॉस्पिटलात जाई. त्या दिवशी अर्ध्या वाटेत आठवलं की डॉक्टरांची चिठ्ठी घरीच राहिली. ती परत फिरली आणि मागच्या दाराने आत आली. आतल्या खोलीतून आत्याची कुजबुज ऐकू आली, "अरे, फेस डोळ्यात गेला त्याच्या. थांब जरा, दादा."

फुगी दारातच थिजली.

नाना उठून बसले होते. भिंतीकडे पाठ करून, मागे उशा लावून, पाय खाली सोडून, पलंगाच्या काठावर. मांडीवर टॉवेल, आणि त्या टॉवेलवर खाटीकमामांचं भलंमोठं डोकं. मामा खाली पाटावर बसून मागे रेलले होते, गळा पार वर काढून. शिंपीकाकांच्या हातात फेसाची वाटी. हेडसर नानांचा डावा कोपर खालून धरून उभे, चेहरा असा की जणू परीक्षा त्यांचीच चाललीय. आणि नानांच्या डाव्या हातात वस्तरा होता. हात लटपटत होता. पातं हवेत इकडे जाई, तिकडे जाई. नाना दातांत जीभ धरून थांबत, हात जरासा ठरला की पातं कातडीला लावत आणि बोटभर अंतर खाली ओढत. मग पुन्हा थरथर.

फुगीने मामांकडे बघितलं. त्यांचे डोळे मिटलेले होते. हातांच्या मुठी नव्हत्या, गुडघ्यांवर पंजे उघडे, सैल पडलेले. गळ्यात कुठे काय असतं आणि पातं किती आत गेलं की काय होतं, हे त्या गल्लीत मामांइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं. आणि तोच माणूस त्या लटपटत्या पात्याखाली दुपारची डुलकी काढल्यासारखा पडला होता. फुगीने इतक्या वर्षांत माणसांचे किती गळे हाताखालून घातले होते. मान मागे टाकून बसणारा माणूस आपल्याला काय देऊन बसतो, हे तिच्या कधी मनातच आलं नव्हतं. आज ते तिला दिसलं. आपण रोज एवढ्या मोठ्या गोष्टीला हात लावतो आणि वर "पुढचा कोण?" म्हणून ओरडतो, याचं तिला नवल वाटत राहिलं.

पातं हनुवटीशी अडलं. रक्ताचा थेंब आला.

"फर्स्टक्लास, नाना!" मामा डोळे न उघडता म्हणाले.

"मामा!" फुगी ओरडलीच. "अहो, गळा आहे तो!"

वाटी हिंदकळली. हेडसरांनी कोपर सोडला नाही, एवढं मात्र खरं. मामांनी अर्ध्या चेहऱ्यावर फेस तसाच ठेवून एक डोळा उघडला.

"माझाच आहे ना? की तुझ्याकडे गहाण पडलाय?" ते म्हणाले. "पहिल्यांदा मिसरूड फुटली तेव्हापासून हा गळा नानांच्या हातात आहे, फुगे. आता हात जरा हलतो म्हणून नाना परके झाले का? उजेड अडवू नकोस, बाजूला हो."

सांगितलं ते मग आत्याने. मामा एकदा नुसतेच येऊन नानांच्या उशाशी बसले होते, दाढीचे खुंट वाढलेले. नाना भिंतीकडे तोंड करूनच पडलेले. मामांनी त्यांचं पांघरूण सारखं केलं, तेवढ्यात नानांचा डावा हात वर आला आणि मामांच्या गालावरून उलटा फिरला. एकदा, दोनदा. मग नानांनी मान वळवून बघितलं, कपाळाला आठ्या घालून, खराब दाढीकडे बघत तसं. मामा म्हणाले, "मग करा की तुम्हीच!" आणि धावत घरी जाऊन स्वतःचा वस्तरा घेऊन आले.

"आणि तू मला बोलली नाहीस?" फुगीचा आवाज फुटला.

"तू वस्तरा काढून घेतला असतास, बाई," आत्या म्हणाली.

खरं होतं ते. तिने घेतलाच असता. नानांना त्रास नको म्हणून तिने एकेक वस्तू उचलली होती, आणि उचलता उचलता त्यांच्याकडे बघायला भिंतीशिवाय काही ठेवलं नव्हतं. फुगी खाली बसली आणि हमसून रडली. नाना तिच्याकडेच बघत होते. ज्या एका नजरेसाठी ती इतके दिवस झुरली होती, ती नजर अशी अर्ध्या दाढीवर, सगळ्यांच्या देखत मिळाली.

त्या संध्याकाळी पडद्याच्या पिना निघाल्या. पट्टा खिळ्यावर गेला. फुगीने जुना वस्तरा नानांसमोर परजला आणि त्यांच्या डाव्या हातात दिला. दुसऱ्या खुर्चीमागे उंच स्टूल आलं, नाना त्यावर बसायला लागले, आणि गल्लीने रांग लावली. पलीकडच्या खुर्चीवर फुगी रिकामी असली तरी लोक म्हणत, "नाही, नाही, आम्ही नानांसाठी थांबतो." तिने कितीही गुळगुळीत दाढी केली तरी तिला आता कुणी विचारत नव्हतं, आणि या अपमानाने तिच्या मनात गुदगुल्या होत. चौकात जिकडेतिकडे हनुवटीवर कागद. कागद नसेल त्याला लोक विचारत, "का हो, अजून गेला नाहीत का?" नानांचा हात जसजसा बसत गेला तसतसे कागद कमी झाले. एकदा शिंपीकाका अगदी न कापता सुटले, तर आपण मागे पडायला नको म्हणून त्यांनी स्वतःच्या हाताने एक कपटा चिकटवला आणि मिरवत गेले. फुगीने ते काचेतून बघितलं.

सगळं काही ठीक झालं नव्हतं. उजवा हात मांडीवर तसाच पडलेला असे. एखाद्या दिवशी नाना थकून जात, आणि त्यांचा डोळा लागला की फुगी श्वास चालू आहे ना, हे बघून यायची. दुसऱ्या झटक्याची भीती घरात होतीच. पण ती एकटीने वाहायची राहिली नव्हती. हेडसर सकाळी नानांना स्टुलावर बसवायला यायचे, मामा दुपारी उतरवायला, आणि आत्याला घास घेऊन बसावं लागत नव्हतं.

फुगीचे केस मात्र वाढले होते. तिचे केस लहानपणापासून आखूड, ते कापणार नाना, मानेवरची लव वस्तऱ्याने काढणार नाना. ते आजारी पडल्यापासून तिने दुसऱ्या कुणाला हात लावू दिला नव्हता. एका रविवारी, दुकान बंद झाल्यावर, केर काढता काढता तिने केरसुणी कोपऱ्यात टाकली आणि नानांच्या खुर्चीत जाऊन बसली. केस वर घेऊन धरले. आरशात नाना तिच्याकडे बघत होते.

मग डोक्यावर दोन बोटं टेकली. फुगीने मान खाली घातली.

फेस गार होता. पातं मानेच्या मागे आलं तेव्हा तिच्या मुठी वळल्या, ती नानांचीच लेक असली म्हणून काय झालं! मामांसारखे पंजे सैल सोडायला तिला फार कष्ट पडले. ओढ, थांब. ओढ, थांब. कानामागे वळणावर झोंबलं, आणि काहीतरी कोमट खाली ओघळलं. नानांचा हात थांबला. आरशात बघितलं तर त्यांचा चेहरा उतरलेला.

"फर्स्टक्लास, नाना!" ती म्हणाली, मामांच्याच सुरात. "काही लागलं नाही. एकदम गुळगुळीत!"

नानांनी वस्तरा खाली ठेवला. डावं बोट तिच्या मानेवरून उलटं फिरवलं, खालून वर. बोटाला काय लागलं ते त्यांनी डोळ्यांजवळ नेऊन बघितलं. त्यांचे ओठ वाकडे झाले, थरथरले, आणि कुठून तरी खोलवरून, घासत, तुटत, पण स्पष्ट आवाज आला.

"खोटारडे!"