शेवटच्या वळणाचा उतार

हे मी बायकोलाही कधी सांगितलेलं नाही. तुम्हाला सांगतोय — का, ते मलाही नीट ठाऊक नाही.

नव्वदीच्या दशकात मी बहारीनला, मनामातल्या एका कंपनीत ड्राफ्ट्समन होतो. झल्लाक गावाच्या वाटेवर एका क्लबला गाड्यांच्या शर्यतीचा छोटा ट्रॅक हवा होता. आखणी माझी. भर उन्हात पायी हिंडून जमिनीचा चढउतार बघितला होता मी. लांब सरळ पट्टा, आणि शेवटी आवळत जाणारं उजवं वळण — ब्रेक कुठे दाबायचा हे कळायलाच ड्रायव्हरला चार फेऱ्या लागाव्यात, असं.

आमचे मुख्य इंजिनीयर लेले साहेब. त्यांनी ती आखणी स्वतःच्या नावाने क्लबपुढे मांडली. मी बोललो, तर सगळ्या ऑफिससमोर म्हणाले, "गजभिये, तुम्हा लोकांना श्रेयसुद्धा कोट्यातून हवं का?"

सगळे हसले. मीही हसलो. का हसलो मी?

पुढे त्यांचा सुधारित नकाशा माझ्याकडे शाई चढवायला आला. वळणावर रस्ता आतल्या बाजूला कललेला हवा, तरच गाडी धरून राहते. त्यांनी उताराचा बाण बाहेरच्या दिशेने काढला होता. घाईतली चूक. मला ती लगेच दिसली. सांगायला कितीसा वेळ लागला असता? — मी बाण तसाच गिरवला. जाड, सुबक. डांबर पडेपर्यंत रोज मनात म्हणायचो, बुड लेल्या, बुड.

चाचणीला गाडी चालवणार होता क्लबचा मेकॅनिक हमीद. रत्नागिरीचा, मनामाच्या गुदैबिया भागात माझ्याच बिल्डिंगमधला. आणि हे — हे मला आदल्या दिवशीच कळलं होतं. जिन्यात भेटला, म्हणाला, "यल्ला भाऊ, उद्या तुमच्या ट्रॅकवर गाडी कशी पळवतो बघा!"

मी म्हटलं, "इंशाल्ला."

गाडी वळणावरून बाहेर फेकली गेली, दोनदा उलटली. हमीदचा उजवा पाय गुडघ्याखाली कापावा लागला.

लेले साहेबांची नोकरी गेली. निघताना माझ्या टेबलाशी आले. "तुमच्या लक्षात आलं असतं, तर तुम्ही सांगितलं असतंत, गजभिये." मी होकारार्थी मान हलवली. खरं सांगू? मला आनंद झाला. हमीद हॉस्पिटलात पडलेला, आणि मला आनंद झाला.

वळण मी दुरुस्त केलं. लोकांनी वाखाणलं. हमीद गावी जाईपर्यंत मी त्याला रोज डबा नेला. विमानतळावर त्याने माझे दोन्ही हात धरले — परदेशात सख्खा भाऊ मिळाला, असं अम्मीला सांगेन म्हणाला.

दर ईदला त्याचा फोन येतो. मी उचलतो. तब्येत विचारतो.